केवटाचा भरवसा

रायपूर शहराच्या कडेने खारून नदी वाहते. तिच्या महादेवघाटावर हटकेश्वराचे जुने देऊळ आहे आणि कार्तिकी पौर्णिमेला तेथे मोठी जत्रा भरते. समुद्र येथून फार दूर आहे. घाटावर उभ्या असलेल्या मनुष्याला भरतीओहोटी ठाऊक नाही आणि तुफानही ठाऊक नाही. तरी या लहानशा नदीचे पाणी पुढे शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी ओडिशाची भूमी ओलांडून पूर्वसमुद्रात शिरते. पाणी सर्वत्र एकच आहे. त्यावर लाकडाचा आधार घेऊन निघालेल्या मनुष्याची चिंताही सर्वत्र एकच असते. आपल्या पायाखालची फळी टिकेल की नाही, ही ती चिंता होय.

छत्तीसगडाला प्रभू रामचंद्रांचे आजोळ मानतात. रायपुराजवळ चंदखुरी येथे कौसल्यामातेचे मंदिर आहे आणि खेडोपाडी रामचरितमानसाचे गायन चालते. त्या गायनात केवटाचा प्रसंग आला म्हणजे मंडळी विशेष रंगून जातात. वनवासाला निघालेले राम गंगेच्या तीरावर उभे आहेत आणि पलीकडे नेण्यासाठी नावाड्याची विनवणी करीत आहेत. नावाडी मात्र नाव आणावयास तयार नाही. तो म्हणतो, या पायांच्या धुळीने शिळेची स्त्री झाली असे ऐकतो. लाकूड काही दगडाहून कठीण नाही. माझ्या नावेचेही तसेच झाले तर माझ्या मुलाबाळांनी खावे काय? म्हणून आधी पाय धुऊ द्या, मग नावेत बसा.

या प्रसंगातील भक्ती आणि विनोद सर्वांच्या ध्यानात येतात. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्यक्ष परमेश्वर समोर उभा असतानाही केवटाने नावेची काळजी सोडली नाही. देव आला आहे, तेव्हा नावेचे काय व्हायचे ते होवो, असे तो म्हणाला नाही. नाव सांभाळणे हे त्याचे काम होते आणि पाय धुणे ही त्याची पूजा होती. त्याने ही दोन्ही एकाच कृतीत साधली. देवावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, याचे उत्तर तुलसीदासांनी एका नावाड्याच्या तोंडून दिले आहे आणि ते फार व्यवहारी आहे.

या उत्तराची कसोटी लागते ती नाव जुनी झाल्यावर. जुनी नाव दुरुस्तीला काढणे हे काम मनुष्याच्या धीराची परीक्षा पाहणारे असते. नाव पाण्यात असते तोवर तिची दुखणी झाकलेली राहतात. ती काठावर ओढून उपडी केली, वरचे डांबर खरवडले, की एकेक गोष्ट उघडी पडू लागते. एक सडलेली फळी बदलावी म्हणून हत्यार घ्यावे, तो तिच्या आतला वासा मऊ लागतो. वासा काढावयास जावे, तो त्यातले खिळे गंजून निम्मे उरलेले आढळतात. चार दिवसांचे काम चार महिन्यांवर जाते. खर्चाचा अंदाज कोलमडतो आणि आपण हे काम हाती घेतले तरी कशाला, असा प्रश्न मनात उभा राहतो. अशा वेळी दोन वाटा सोप्या असतात. एक म्हणजे वरून रंग फासून देवाच्या नावाने नाव पाण्यात लोटावी. दुसरी म्हणजे देवाला आणि दैवाला दोष देऊन काम टाकून द्यावे. पहिलीला लोक श्रद्धा म्हणतात आणि दुसरीला शहाणपण. वास्तविक दोन्हींत काम सोडून देणे हेच समान आहे. या दोहोंच्या मधली वाट कशी चालावी, याचे एक उदाहरण मुंबईतच बांधलेल्या एका नावेने साऱ्या जगाला दिले आहे.

ही नाव म्हणजे ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी व्यापारी जहाजांवर नोकरीस होता आणि त्याच्या फेऱ्या मुंबई व इराणच्या आखाताकडे होत. आपली स्वतःची नाव असावी, असे त्याने ठरविले. त्याने एक आराखडा मागविला, पण हाती आला तो दुसराच आणि बऱ्याच जुन्या घाटणीचा. वाट पाहावयास सवड नव्हती, म्हणून त्याच आराखड्यावर काम सुरू झाले. मुंबईच्या सुतारांनी वाकस आणि हाताने फिरवावयाचे गिरमिट यांसारख्या पिढीजात हत्यारांनी सागवानाची ती बत्तीस फुटी नाव घडविली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. आखातात वाहणाऱ्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी जे नाव देतात, तेच नाव तिला मिळाले.

पुढे १९६८ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा जाहीर केली. तोवर हे कोणीही केलेले नव्हते. नऊ जण निघाले. त्यांच्यात ‘सुहैली’ ही लहान, जड आणि मंद गतीची नाव होती. १४ जून १९६८ रोजी तिने इंग्लंडमधील फॅल्मथ बंदर सोडले आणि काही आठवड्यांतच, अटलांटिक महासागरात असतानाच, तिच्या तळात पाणी येऊ लागले.

पाण्याखाली बुडी मारून पाहता कळले की, नावेच्या कण्यालगतचा फळ्यांचा सांधा दोन्ही बाजूंनी काही फूट लांबीपर्यंत उकलला आहे. अशा सांध्यात कापूस ठासून भरावा लागतो. हे काम कोरड्या जमिनीवर, नाव आडवी करून करावयाचे. येथे जमीन नव्हती. श्वास रोखून पाण्याखाली जावे, दोनचार घाव घालावेत, पुन्हा वर यावे, असा क्रम सुरू झाला. ठासलेला कापूस सुटून बाहेर येऊ लागला. तेव्हा त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवून घेतला, तिला डांबर लावले, ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसविला. मधेच एक शार्क मासा घिरट्या घालू लागला. त्याला बंदुकीने मारून काम पुढे चालू झाले. गळती पुष्कळच आटोक्यात आली.

संकटे मात्र तेथे संपली नाहीत. आफ्रिकेचे टोक ओलांडल्यावर सप्टेंबरात एका लाटेने नाव आडवी केली आणि कोठडीच्या भिंती बुडापासून हलल्या. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या बिघडल्या. मग पावसाचे पाणी शिडावरून गोळा करावे लागले. न्यूझीलंड गाठण्यापूर्वीच आपोआप सुकाणू धरणारे यंत्र कायमचे निकामी झाले. बिनतारी यंत्र बंद पडल्यामुळे नोव्हेंबरनंतर कित्येक महिने त्या नावेचे काय झाले हे जगाला कळेना. १७ जानेवारी १९६९ रोजी तिने दक्षिण अमेरिकेचे हॉर्न भूशिर ओलांडले. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, मीठ आणि गंज यांनी माखलेली ती नाव फॅल्मथला परत आली. नऊ जणांपैकी प्रवास पुरा करणारी ती एकटीच होती.

या खलाशाने पुढे आपल्या प्रवासाचे वर्णन लिहिले. त्यात देवासंबंधी त्याने जे म्हटले आहे, ते नोंद घेण्यासारखे आहे. वारा वाढू लागला असता अंथरुणात पडून, देवाने शिडे उतरवावीत अशी प्रार्थना करण्यात अर्थ नाही, असे तो सांगतो. उठून शिडे आपणच आवरावयाची. पण आपल्याला ठाऊक असलेले सर्व काही करून झाले आणि तरीही नाव वादळाच्या स्वाधीन असली, की मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकून स्वस्थ राहावे आणि तिला उरलेले करू द्यावे. त्या एकाकी प्रवासात हा विश्वास त्याला फार मोठा आधार वाटला.

यातील क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कर्म आणि मग भरवसा, असा हा क्रम दिसतो. परंतु खोलवर पाहिले तर भरवसा आधीपासूनच तेथे असतो. ज्याला मुळीच भरवसा नाही, तो गळक्या नावेतून समुद्रात उतरून, दहा वेळा निसटलेला कापूस अकराव्या वेळी ठासणार नाही. प्रयत्नाला मनुष्य जेव्हा देवाचे काम मानतो, तेव्हाच त्याच्या हाताला असा चिवटपणा येतो.

मराठी मनाला हा विचार परका नाही. प्रयत्नाला देवपण देणारी समर्थ रामदासांची शिकवण ‘दासबोधा’तून घरोघर पोहोचली आहे. रायपूरच्या श्रोत्यांना तर येथे एक जवळचे नाव आठवेल. माधवराव सप्रे हे मराठी घराण्यातले. त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला आणि हिंदी पत्रकारितेचा पाया घालणाऱ्यांत मानाचे स्थान मिळविले. १९०८ साली ‘हिंदी केसरी’तील लिखाणाबद्दल त्यांना अटक झाली आणि माफी लिहून देऊन सुटण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. त्या घटनेचे शल्य त्यांच्या अंतःकरणात खोल रुतले. आयुष्याच्या नावेला ध्यानीमनी नसता असे मोठे भगदाड पडले असता त्यांनी काय केले? ते रामदासी परंपरेच्या आश्रयाला गेले, साधनेत राहिले आणि परत येऊन कामाला लागले. ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद त्यांनी केला. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चाही हिंदी अनुवाद त्यांच्याच हातून झाला. १९२६ साली रायपुरातच त्यांचा अंत झाला. देवाला शरण जाणे म्हणजे कामातून निवृत्त होणे नव्हे, हे त्यांनी त्या अनुवादांच्या एकेका पानाने दाखवून दिले. ईश्वराच्या आधाराने त्यांनी आपली मोडलेली नाव दुरुस्त केली आणि ती पुन्हा लोकांच्या उपयोगी लावली.

‘सुहैली’च्या कथेचा उत्तरार्धही याच दृष्टीने पाहावा. एवढा पराक्रम केलेली नाव सुरक्षित राहावी म्हणून पुढे ती लंडनमध्ये ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथे लाटा नव्हत्या आणि वादळही नव्हते. हवा नियंत्रित होती. आणि तेथेच ती मरू लागली. कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या. लाकडी नावेचे शास्त्र असे की, पाण्यात फळ्या फुगतात आणि सांधे घट्ट होतात. ज्या पाण्यापासून तिला धोका, तेच पाणी तिला एकसंध ठेवते. अखेर तिच्या मालकाने २००२ साली तिला तेथून बाहेर काढले. मग पुन्हा दुरुस्ती आली, आणि दुरुस्तीबरोबर येणाऱ्या अनपेक्षित अडचणीही आल्या. जुने गंजलेले लोखंडी खिळे काढून फळ्या नव्याने जोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. सत्तरी ओलांडलेला तो खलाशी स्वतः हातात हत्यारे घेऊन त्यात राबत होता. २०१६ साली ती नाव पुन्हा पाण्यात उतरली आणि आपल्या प्रवासाच्या पन्नासाव्या वर्षी, १४ जून २०१८ रोजी, फॅल्मथच्या समुद्रावर शिडे उभारून फिरली.

मनुष्याच्या श्रद्धेचेही असेच आहे. तिला सर्व संकटांपासून दूर, कोरड्या आणि सुरक्षित जागी ठेवले तर तिचे सांधे सुटू लागतात. अडचणींच्या पाण्यात ती उतरते तेव्हा फुगते, भरते आणि घट्ट होते. पाणी आत येणार नाही, असे आश्वासन तिला कोणी दिलेले नसते.

मुंबईच्या सुतारांनी घडविलेली नाव जगाला वळसा घालून आली. मग भारतात बांधलेल्या नावेतून एखाद्या भारतीयानेच एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा का करू नये? हा ध्यास घेतला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेला हा मराठी नौसेनानी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी येथे राहत असे आणि २०१८ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रेरणेने गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी छप्पन्न फुटी नाव बांधावयास घेतली. तशी नाव त्यांनी पूर्वी कधी बांधलेली नव्हती. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी बांधणीपासूनच त्या कामाला वाहून घेतले. ‘सुहैली’च्या त्याच इंग्रज खलाशाच्या हाताखाली त्यांनी तयारीचे धडेही घेतले होते. नावेला ‘म्हादेई’ हे नाव मिळाले. मांडवी नदीचे हे मूळ नाव आणि नावेतून प्रवास करणाऱ्यांची पाठराखण करणाऱ्या देवीचेही. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडून, वाटेत चार बंदरांत थांबून आणि प्रत्येक ठिकाणी नावेची डागडुजी करून, मे २०१० मध्ये दोंदे परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

देवीचे नाव धारण करणाऱ्या नावेचीही प्रत्येक बंदरात तपासणी करावी लागली, हे विसरता कामा नये. देवीचे नाव घेणे आणि दोर, खिळा, सांधा तपासणे यांत विरोध नाही. किंबहुना ज्याने नावेला देवीचे नाव दिले, त्याच्यावर ती अधिक काळजीपूर्वक तपासण्याची जबाबदारी येते.

तरीही एक अवघड प्रश्न उरतो. सर्व काळजी घेतली, सर्व कष्ट केले आणि तरीही नाव मोडली तर? हा प्रश्न टाळून श्रद्धेविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच दिवाडीच्या कारखान्यात पुढे ‘सुहैली’च्याच आराखड्यावर ‘थुरिया’ नावाची नाव बांधण्यात आली. कमांडर अभिलाष टॉमी हे तिच्यातून २०१८ च्या स्पर्धेत उतरले. ‘म्हादेई’तून २०१२-१३ साली त्यांनी कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केलेली होती. अनुभवाची उणीव नव्हती आणि तयारीचीही नव्हती. पण २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात भयंकर वादळाने नाव उलटी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. हालचाल करता येत नसताना ते तीन दिवस त्या मोडक्या नावेत पडून होते. २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. नाव मात्र समुद्रातच सोडून द्यावी लागली.

येथे कोणाची श्रद्धा कमी पडली, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. ज्यांच्या नावा परत येतात, ते अधिक पुण्यवान असतात असेही नव्हे. भक्ती हा देवाशी केलेला सौदा नव्हे की, इतके नारळ वाहिले म्हणजे इतक्या लाटा टळाव्यात. किनाऱ्यावरच्या घरांत वर्षातून एकदा समुद्राला नारळ अर्पण होतो आणि तरीही काही घरांतील माणसे परत येत नाहीत. त्या घरांतील पुढची पिढी पुन्हा नारळ वाहते, पुन्हा नाव दुरुस्त करते. तिला समुद्राचा स्वभाव ठाऊक नाही असे नाही. पण भरवसा हा परिणामावर ठेवावयाचा नसून परिणाम काहीही होवो, आपल्याला सोडून न देणाऱ्यावर ठेवावयाचा, हे तिला बोलून न दाखविता कळलेले असते.

टॉमी पुन्हा चालावयास शिकले. चार वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, दुसरी एक जुनी नाव दुरुस्त करून ते त्याच स्पर्धेत पुन्हा उतरले. निघण्यापूर्वी काही आठवडे तिची एका मोठ्या जहाजाशी टक्कर झाली आणि झालेली दुरुस्ती पुन्हा करावी लागली. भर समुद्रात सुकाणू सांभाळणाऱ्या यंत्राची पाती तुटली, तेव्हा नावेतील शौचकूपाच्या दाराची फळी कापून त्यांनी नवी पाती केली. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, ते दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्याला पोहोचले.

अनपेक्षित अडचण आली म्हणजे देवाने पाठ फिरविली, असे मनुष्याला वाटते. वस्तुतः ती अडचण फळीखाली आधीपासूनच होती. ती उघडी पडली, एवढेच. सडलेला वासा भर समुद्रात तुटण्याऐवजी काठावर हाती लागला, यालाही कृपाच म्हणावे लागेल. प्रत्येकाच्या घरी, व्यवहारात, नात्यागोत्यांत अशी एखादी जुनी नाव दुरुस्तीला काढलेली असते. तिच्यातली एक फळी काढली की दुसरी सडलेली दिसणारच. त्या वेळी नाव रंगवून पाण्यात लोटू नये आणि काठावर टाकूनही देऊ नये. आज जी फळी हाती आली आहे तेवढी नीट बसवावी, सांध्यात कापूस ठासावा आणि दिवेलागणीला हात धुऊन देवापुढे बसावे. उद्याची फळी उद्या उघडी पडेल. ती बसविण्याचे बळही त्याच वेळी मिळेल.